घोडीला मका आणि जव अख्खे घालावेत की भरडून?

लिदीत मक्याचे अख्खे दाणे दिसतात, तर सगळीच चंदी गिरणीतून बारीक करून आणू का, असं तुम्ही विचारलंय. सगळी नको, आणि बारीक तर मुळीच नको. पिठाची धूळ घोडीच्या नाकात जाते आणि उरलेलं तोबऱ्याच्या तळाशी चिकटून बसतं.

लहान आतड्यात स्टार्च पचवणारं एन्झाइम घोड्याकडे मुळातच कमी असतं. तिथे न पचलेलं स्टार्च पुढे मोठ्या आतड्यात गेलं की जंतू ते झपाट्याने आंबवतात, आम्ल वाढतं आणि मग पोटशूळ, नाहीतर लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज. लिदीत दिसणाऱ्या दाण्याने तुमचे फक्त पैसे गेले. मला भीती असते ती न दिसणाऱ्याची, जो पोटात मागे जाऊन आंबलाय.

धान्यागणिक हिशेब वेगळा आहे. ओट्सचं स्टार्च अख्ख्या दाण्यातूनही लहान आतड्यात ८० टक्क्यांच्या वर पचतं. दात धड असतील तर ओट्सवर गिरणीचा खर्च करू नका. मक्याचं उलट. अख्ख्या किंवा जाडसर भरडलेल्या मक्याचं जेमतेम ३० टक्के पचतं, पीठ केलं तरी निम्म्याच्या आसपास. भरडल्याने टरफल फुटतं, पण आतले स्टार्चचे कण घट्टच राहतात. ते उकलायला ओलावा आणि उष्णता दोन्ही लागतात. म्हणून मक्याच्या लाह्या केल्या की हेच प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जातं (मीठ-तेल न लावता, हे सांगायला नकोच). जवही नुसता चेपून दिला तर फार कमी पचतो, तो मऊ शिजवूनच द्या. रात्रभर भिजवल्याने दाणा चावायला सोपा होतो, शिजत मात्र नाही.

शिजवलं म्हणून वाटेल तेवढं घालायचं नाही. एका वेळेला दर किलो वजनामागे १ ग्रॅम स्टार्च, याच्या आत राहिलेलं बरं. ४०० किलोच्या घोडीला हे साधारण ६०० ग्रॅम मक्यात येतं, बस्स. आणि डब्याने मोजू नका. ज्या डब्यात ओट्स मावतात त्याच डब्यात मका वजनाने दीडपट बसतो, आणि लाह्या घेतल्या तर अगदीच थोड्या. साधा तागडी काटा आणा.

भरड आणलीच तर दोन आठवडे पुरेल एवढीच. दाणा फुटला की आतलं तेल हवेने खवट होतं, ई जीवनसत्त्व उतरतं आणि पावसाळ्यात बुरशी धरते. बुरशीच्या मक्याने घोड्याच्या मेंदूवर परिणाम होऊन घोडा दगावू शकतो, तेव्हा कुबट वास आला की पोतं सरळ बाहेर.

गिरणीवाला स्वस्तात देतो म्हणून गव्हाच्या कोंड्याचा मारा करू नका. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. रोज भरपूर कोंडा खाणाऱ्या घोड्याची हाडं ठिसूळ होतात, तोंडाची हाडं फुगलेली दिसतात.

दाणे लिदीत अलीकडेच दिसायला लागले असतील तर धान्य बदलण्याआधी पशुवैद्याकडून दाढा तपासून घ्या. वरच्या दाढांच्या गालाकडच्या आणि खालच्यांच्या जिभेकडच्या कडा धारदार होतात, घोडी अर्धवट चावून गिळते. कानशीने कडा घासून घेतल्यावरही दाणे दिसले, तर मग लाह्या.