धर्मश्रद्धा आणि मवाळ उमेदवार

प्रश्न : धर्मश्रद्धा प्रबळ असलेल्या समाजात मवाळ, समन्वयवादी उमेदवार निवडून येऊ शकतो का?

उत्तर : येऊ शकतो, किंबहुना कधी कधी श्रद्धाळू मतदारच त्याचा मुख्य आधार असतात. पश्चिम जर्मनीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांना एकत्र आणणाऱ्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियनचे कोनराड आडेनाउअर १९४९ ते १९६३ या काळात चान्सलर होते. इराणचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे २०१३ मध्ये स्वतः धर्मगुरू असलेले हसन रुहानी मवाळ भूमिका मांडून पहिल्याच फेरीत अध्यक्षपदी निवडून आले. त्यांच्या धर्मनिष्ठेविषयी शंका घेणे विरोधकांना सोपे नव्हते, हे त्यामागचे एक कारण म्हणता येईल. अर्थात, तेथे उमेदवारांची चाळणी पालक मंडळ (धर्मपंडित आणि कायदेतज्ज्ञांची संस्था) आधीच करते, हे विसरून चालणार नाही.

धर्मनिष्ठेच्या अशा कवचाची किंमतही मोजावी लागते. इंडोनेशियात २०१९ च्या निवडणुकीत तत्कालीन अध्यक्ष जोको विडोडो यांनी उपाध्यक्षपदासाठी ज्येष्ठ धर्मपंडित मारूफ अमीन यांना सोबत घेतले आणि ते जिंकले. परंतु याच अमीन यांच्या अध्यक्षतेखालील उलेमा (मुस्लिम धर्मपंडित) मंडळाने २०१६ मध्ये जकार्ताच्या ख्रिस्ती राज्यपालांवर धर्मनिंदेचा ठपका ठेवला होता, आणि ते राज्यपाल विडोडो यांचेच जुने सहकारी होते.