वाचकांचे प्रश्न : पहिल्या कॅरिबूच्या शिकारीला निघण्यापूर्वी

प्रश्न : माझा मुलगा अलास्कातील अँकरेज येथे तीन वर्षांपासून नोकरीच्या व्हिसावर आहे. येत्या ऑगस्टच्या अखेरीस तो एका सहकाऱ्याबरोबर ब्रूक्स पर्वतरांगेत पहिल्यांदाच कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या थंड प्रदेशातील मोठ्या हरणाच्या, शिकारीला जाणार असून, डाल्टन महामार्गावर गाडी ठेवून तेथून पायी आत जाण्याचा दोघांचा बेत आहे. मीही त्या सुमारास तिकडे असेन. आमच्या आजोबांनी दाजीपूरच्या रानातील संस्थानी शिकारी पाहिल्या होत्या, त्यामुळे घरात या विषयाचे कुतूहल आहे. मुलाने कशाची तयारी करावी आणि मला त्यात भाग घेता येईल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्यापुरते आधी सांगतो. अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नसलेल्या माणसाला अलास्कात कोणत्याही मोठ्या प्राण्याची शिकार परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय करता येत नाही, आणि मुलगा सोबत असल्याने ही अट सुटत नाही. पर्यटक व्हिसावर असताना बंदूक हाताळणे हाही तेथे गंभीर गुन्हा ठरू शकतो, म्हणून ‘जरा धरून बघतो’ असेही करू नये. आपण दुर्बीण धरावी, स्वयंपाक करावा आणि मांस वाहायला हातभार लावावा. ही मदत किती मोलाची आहे ते पुढे कळेलच.

मुलाच्या बाबतीत दोन गोष्टींची खातरजमा हवी. बारा महिने सलग अलास्कात राहिलेला आणि तेथेच स्थायिक होण्याचा इरादा असलेला माणूस परदेशी नागरिक असला तरी शिकारीच्या नियमांत रहिवासी धरला जातो. परंतु नोकरीच्या व्हिसावर हा इरादा कसा मानला जाईल, हे त्याने राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाकडून लेखी विचारून घ्यावे. दुसरे असे की, तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगण्याची मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा त्यातील एक मान्य अपवाद आहे. म्हणून परवाना आधी आणि रायफल नंतर, हा क्रम त्याने चुकवू नये.

आता डाल्टन महामार्गाच्या बेताविषयी. युकॉन नदीपासून आर्क्टिक महासागरापर्यंत या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 5 मैलांच्या, म्हणजे सुमारे 8 किलोमीटरच्या पट्ट्यात बंदुकीने शिकार करता येत नाही; तेथे धनुष्यबाणालाच परवानगी आहे. याचा अर्थ असा की, रायफल घेऊन जाणाऱ्याला पहिली गोळी झाडण्यापूर्वी 8 किलोमीटर आत चालावे लागते आणि तेही वाट नसलेल्या, पाणथळ, घोट्याएवढ्या आणि कधी गुडघ्याएवढ्या गवताच्या ठोंबांनी भरलेल्या जमिनीवर. ठोंबावर पाय ठेवला तर तो डुगडुगतो, आणि दोन ठोंबांच्या मधे ठेवला तर पाणी बुटात शिरते. पन्हाळा ते पावनखिंड चालून गेलेल्या तरुणांनाही या जमिनीचा अंदाज चटकन येत नाही.

पूर्ण वाढलेला नर साधारण 160 ते 180 किलोंचा असतो. हाडे काढून टाकली तरी पन्नास-साठ किलो मांस उरते, आणि तंबू, बंदूक, अन्न हे ओझे वेगळेच. एकट्या माणसाने एका वेळी वीस-पंचवीस किलो नेले तर तीन खेपा होतात; तीन वेळा भरलेल्या पाठीने बाहेर यायचे आणि दोन वेळा रिकाम्या पाठीने आत जायचे, म्हणजे 40 किलोमीटर. दोघे असतील तर दोन खेपा, म्हणजे 24 किलोमीटर होतात, आणि तिसरा गडी मिळाला तर एकाच खेपेत काम उरकू शकते. म्हणून दोघांनी मिळून पहिल्या वेळी एकच कॅरिबू मारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परवान्यावर आणखी संख्या लिहिलेली असली तरीही.

मांस तेथेच टाकून येण्याची सोय नाही. चारही पायांचे, मानेचे, छातीचे, बरगड्यांचे आणि पाठीच्या कण्यालगतचे खाण्याजोगे मांस बाहेर आणणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि शिंगे शेवटच्या खेपेबरोबरच हलवता येतात. हा नियम मला अतिशय शहाणपणाचा वाटतो, कारण शिंगे घेऊन निघून जाण्याचा मोह कोणत्याही देशातील माणसाला होतोच. काही भागांत मांस ठरावीक तारखेपर्यंत हाडासकटच आणावे लागते. तसे असेल तर ओझे पुष्कळ वाढते, तेव्हा आपल्या भागाचा नियम आधी पाहावा.

प्रत्यक्ष शिकारीत आपल्या जुन्या गोष्टींतील हाकारे आणि मचाण यांचा उपयोग नाही. उंच जागी बसून दुर्बिणीने दऱ्या पाहत राहणे हेच मुख्य काम आहे. चरत निवांत चाललेला दिसणारा कळपही माणसाच्या झपाट्याच्या चालीला मागे टाकतो, त्यामुळे त्याच्या मागे धावण्यात अर्थ नसतो. तो कोणत्या खिंडीकडे निघाला आहे ते ओळखून आधीच तेथे पोहोचावे लागते. कॅरिबूची नजर तितकीशी तीक्ष्ण नसते, पण नाक विलक्षण असते, म्हणून वारा नेहमी आपल्या तोंडावर असावा. कळप जवळून जाऊ लागला की, त्यांच्या पायांतील कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) हाडांवरून सरकताना होणारा टकटक आवाज शांत हवेत स्पष्ट ऐकू येतो. अशा वेळी घाई होते आणि चूकही होते. निवडलेल्या नराच्या मागे दुसरे जनावर उभे नाही याची खात्री झाल्याशिवाय गोळी झाडू नये, कारण ती आरपार जाऊन दुसऱ्यालाही लागू शकते. रायफल .270 किंवा .30-06 या काडतुसांच्या मापांपैकी कोणतीही पुरते. प्रवासात रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीचा नेम हलतो, त्यामुळे तिकडे पोहोचल्यावर तो पुन्हा तपासून घ्यावा आणि टेकून बसल्यावर जेवढ्या अंतरावरून हमखास नेम लागतो त्यापलीकडे जाऊ नये.

जनावर पडल्यावर खरी मेहनत सुरू होते. कातडे लवकर काढून मांसातील उष्णता बाहेर जाऊ द्यावी. पाय सांध्यातून सोडवावेत, त्याला करवत लागत नाही, धारदार सुरी पुरते. प्रत्येक तुकडा हवा खेळेल अशा कापडी पिशवीत घालावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत मांस कोंदून एका दिवसात बिघडते. पिशव्या आतड्यांच्या ढिगापासून शंभर मीटर तरी दूर, लांबून दिसतील अशा उघड्या उंचवट्यावर ठेवाव्यात, कारण हा अस्वलांचा मुलूख आहे. पुढच्या खेपेला परतताना आधी दुरून दुर्बिणीने ती जागा नीट पाहावी आणि मगच आवाज करत जवळ जावे. अस्वलांवर फवारायचा तिखटाचा डबा प्रवासी विमानात नेता येत नाही, तो तेथेच विकत घ्यावा. ऑगस्टच्या अखेरीचा बेत चांगला आहे. सप्टेंबर संपत आला की नर माजावर येऊ लागतात, आणि त्या मांसाचा उग्र वास आपला तांबडा रस्साही झाकू शकत नाही.

पुढे कधी छोट्या विमानाने जायचे ठरलेच, तर ज्या दिवशी विमानाने उतरलो त्या दिवशी शिकार करता येत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच करता येते, हा तेथील सर्वसाधारण नियम आहे. हवा बिघडली तर परतीचे विमान कित्येक दिवस येत नाही, तेव्हा शिधा त्या हिशेबाने जास्तीचा न्यावा.

प्रश्न : 1972 च्या कायद्याने आपल्याकडे शिकार थांबली आणि आमचे राधानगरीचे रान तर 1958 पासूनच अभयारण्य आहे. मग तिकडे कॅरिबू कमी होत असताना शिकारीला परवानगी कशी?
— एक वाचक, राधानगरी

उत्तर : तेथे दर भागासाठी आणि दर कळपासाठी मर्यादा वेगळी ठरते. उन्हाळ्यात डासांच्या त्रासाने कॅरिबू दाटीवाटीने एकत्र येतात, तेव्हा विमानातून छायाचित्रे घेऊन त्यांची मोजणी करतात. डाल्टन महामार्गालगतचा मध्य आर्क्टिक कळप 2010 मध्ये सुमारे 70 हजारांचा होता, तो 2016 मध्ये 22 हजारांच्या आसपास आला आणि त्यानंतर शिकारीच्या मर्यादा कडक करण्यात आल्या. ग्विचिन आणि इन्यूपियाट या तेथील मूळनिवासी समाजांचे अन्न शेकडो वर्षांपासून या प्राण्यावर अवलंबून आहे, हेही विसरता येत नाही. आपल्याकडील बंदी योग्यच आहे, पण केवळ बंदीने प्राणी वाचतो असे मात्र नाही. कॅनडा-अमेरिका सीमेवरील साउथ सेलकर्क कळपाच्या शिकारीला बंदी होती. तरीही जुनी अरण्ये तोडली गेली, त्या झाडांवरचे दगडफूल हे त्यांचे हिवाळ्यातील अन्न गेले, मोकळ्या झालेल्या रानात इतर हरणांमागोमाग लांडगे आणि प्यूमा शिरले, आणि 2019 मध्ये त्या कळपातील उरलेली मादी दुसरीकडे हलवावी लागली.

प्रश्न : कॅरिबूच्या मादीलाही शिंगे असतात हे खरे का? आणि पडलेली शिंगे भारतात आणता येतात का?
— एक वाचक, कागल

उत्तर : होय, बहुतेक माद्यांना असतात. कॅरिबू आणि रेनडिअर ही एकच जात असून, हरणांच्या कुळात मादीला नियमित शिंगे येणारी ही एकमेव जात आहे. सांबराप्रमाणेच ही शिंगे दरवर्षी गळून पुन्हा येतात. मोठे नर माज संपल्यावर हिवाळ्याच्या तोंडाशी ती टाकतात, तर गाभण माद्या पाडस होईपर्यंत टिकवतात. त्यामुळे नवख्या शिकाऱ्याने केवळ शिंगांवरून नर ओळखू नये. मानेखालची पांढरी आयाळ आणि पोटाखालचा भाग पाहावा. शिंगे भारतात आणण्याविषयी म्हणाल तर, वन्यप्राण्यांच्या अवयवांच्या आयातीवर आपल्याकडे कडक निर्बंध आहेत. सीमाशुल्क आणि वन विभागाची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय ती सामानात घालूच नयेत.