नस काढली, तरी दाढ का दुखते?

प्रश्न : खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनॉल तीन आठवड्यांपूर्वी झालं, दहा दिवसांपूर्वी कॅप बसली. एरवी काही त्रास नाही, पण त्या बाजूने भाकरी चावली की कळ येते. नस काढल्यावर दुखायलाच नको ना? घरचे म्हणतात, दाढ काढूनच टाक. (एक वाचक, सिडको)

उत्तर : दाढ काढायची घाई अजिबात करू नका. काढलेली नस दाताच्या आतली. पण दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो आणि त्याच्या नसा वेगळ्या. चावल्याचा दाब कळतो तो या पडद्यामुळे. मुळं साफ करताना तो टोकाशी दुखावतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस ठणका आणि आठवडाभर चावताना हुळहुळणं चालायचंच. तीन आठवड्यांनी, तेही कॅप बसल्यावर दुखत असेल, तर पहिला संशय कॅपच्या उंचीवर घ्यावा.

आरशासमोर ताठ बसून तोंड अगदी सावकाश मिटून बघा. बाकीचे दात टेकायच्या आधी तीच दाढ टेकते का? टेकत असेल तर प्रत्येक घासाला तिच्यावर मार बसतो आणि दुखावलेला पडदा शांतच होत नाही. दवाखान्यात दातांमध्ये निळा कागद धरून चावायला लावतात. कॅपवर मध्ये फिकट आणि भोवती गडद अशी कडी उमटली, तर तिथे दाब जास्त पडतोय. तेवढाच भाग घासायचा आणि मग पॉलिश करायचं. पॉलिश राहू देऊ नका. झिर्कोनियाची कॅप खरखरीत राहिली तर समोरचा दात झिजत जातो. काम दहा मिनिटांचं आहे, पण तपासताना खुर्ची सरळ करायला सांगा. आडवं पडल्यावर खालचा जबडा थोडा मागे सरकतो, आणि भूल उतरलेली नसेल तर दात कुठे टेकतात हेच कळत नाही. कॅप उंच राहते ती बरेचदा यामुळेच. घासल्यावर काही दिवसांत फरक जाणवायला हवा.

चावा बरोबर असूनही दुखत राहिलं, तर नीट लक्ष द्या : कळ दाबताना येते की घास सोडताना? सोडताना चमक निघत असेल तर तडा तपासावा लागतो. डॉक्टर खुणा केलेली बारीक सळई हिरडीच्या कडेने फिरवतात. ती सगळीकडे २-३ मिलिमीटर जाते आणि एकाच ठिकाणी ७-८ मिलिमीटर खाली घसरते, तेव्हा मूळ उभं चिरलेलं असण्याची शक्यता मोठी. अशी दाढ वाचवणं अवघड असतं. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळं असतात. कधीकधी चिरलेलं तेवढं काढून दुसरं ठेवता येतं.

तोवर त्या बाजूने चिवडा, चिक्की, कडक भाकरी नको. दुखलंच तर जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, आठ-आठ तासांनी, दोन-तीन दिवस पुरे. अल्सर, किडनीचा आजार, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आयबुप्रोफेन टाळा. पावसाळ्यात ताप असेल तरीही टाळा. डेंग्यू असला तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणू नका. सूज किंवा ताप नसताना त्याचा उपयोग नाही, आणि उंच कॅप तर गोळीने खाली येत नाही. लवंगेच्या तेलाचा बोळाही ठेवू नका. आत नस नाही, तेव्हा दात बधिर व्हायचा प्रश्न नाही. हिरडी मात्र भाजते. मिश्रीचंही तेच.

प्रश्न : वरच्या दाढेचं रूट कॅनॉल होऊन दोन महिने झाले. गार पाण्याची चूळ भरली की झिणझिणतं. (एक वाचिका, नाशिकरोड)

उत्तर : नस नसलेल्या दाताला गार कळत नाही. तेव्हा एक तर शेजारचा दात बोलतोय, नाहीतर त्याच दाढेत एखादा कालवा, म्हणजे मुळातली नसेची नळी, साफ करायचा राहून गेलाय. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन असली तरी गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकांना दोन कालवे असतात. दुसरा केसासारखा बारीक आणि कडेला लपलेला, त्यामुळे मायक्रोस्कोपशिवाय तो सहज निसटतो. डॉक्टरांना एकेका दातावर गार फवारा मारलेला कापूस टेकवून बघायला सांगा. शेजारचा दात निघाला तर त्याची कीड किंवा उघडी पडलेली मान बघायची. हीच दाढ निघाली तर साध्या एक्स-रेवर थांबू नका, त्या भागाचा सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय, स्कॅन लागेल.

नाशिकच्या थंडीत आणखी एक गोष्ट होते. सर्दी साचली की वरच्या दोन-तीन दाढा एकदम जड होतात, वाकल्यावर जास्त दुखतात. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला खेटून असतात. असं होत असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी रूट कॅनॉल केलं, कॅप घालायची राहून गेली. आता हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. दुखत मात्र नाही. थांबू का? (एक वाचक, सातपूर)

उत्तर : थांबू नका. पू वाट काढून बाहेर पडतोय, म्हणून ठणका नाही एवढंच. वरचं सिमेंट झिरपलं की लाळेतले जंतू आत उतरतात, आणि मुळाशी हाड झिजत राहतं. डॉक्टर पुटकुळीच्या तोंडातून गटापर्चाची (रूट कॅनॉल भरायला वापरतात त्या रबरासारख्या पदार्थाची) बारीक काडी आत सरकवून एक्स-रे काढतील. काडीचं टोक ज्या मुळाशी थांबलेलं दिसेल, दोष तिथला. दात चिरलेला नसेल तर जुनं भरण काढून पुन्हा रूट कॅनॉल करता येतं, आणि या वेळी कॅप लगेच. झिजलेलं हाड एक्स-रेत काळा डाग म्हणून दिसतं; तो भरायला सहा महिने ते वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. तो लहान होतोय ना, एवढं दर सहा महिन्यांनी बघायचं.

खर्चाची अडचण असेल तर पंचवटीतल्या कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयात दाखवा. जुने एक्स-रे बरोबर न्या; आधी डाग केवढा होता हे त्यावरूनच कळतं. मध्येच सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली सरकली, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर दातांच्या दवाखान्याची वेळ होईपर्यंत वाट पाहू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.