सव्वादोनचे माप

पत्र (संक्षिप्त करून): ताई, मी 32 वर्षांची असून पुण्यात नोकरी करते. चार वर्षांत सांगलीला आमच्या घरी 19 वेळा कांदेपोहे झाले. शेवटी कंटाळून फेब्रुवारीत मी घरी सांगितले, की ऑफिसमधल्या एका मुलाशी माझे जमले आहे. त्याच्याही आईने लग्नाचा लकडा लावला होता, म्हणून तो या नाटकात सामील झाला. कादंबऱ्यांत असतात तशा आम्ही अटी ठरवल्या: तुळशीच्या लग्नापर्यंत नाटक, मग ‘जमत नाही’ असे सांगून मोकळे व्हायचे. आता मात्र तो मला खरोखर आवडू लागला आहे. परवा त्याच्या आईने साताऱ्याहून फोन करून बांगडीचे माप विचारले. त्या म्हणे स्वतःच्या पाटल्या मोडणार आहेत. मी सव्वादोन सांगून विषय बदलला. त्याला मनातले सांगू, की ठरल्याप्रमाणे दूर होऊ?

उत्तर: तुमच्या मूळ पत्राच्या चार पानांपैकी साडेतीन पाने त्या मुलाच्या स्वभावाला वाहिलेली आहेत आणि पाटल्यांच्या वाट्याला एक ओळ आली आहे. ती ओळ वाचल्यापासून बाकीच्या पानांत माझे लक्ष लागलेले नाही.

सव्वादोन हे तुमचे खरेच माप असावे, कारण इतक्या पटकन खोटा आकडा कोणाला सुचत नाही. म्हणजे गेल्या सात महिन्यांत त्या बाईंना तुम्ही सांगितलेली ही बहुधा एकमेव खरी गोष्ट आहे आणि नेमकी तीच त्यांना सोनाराच्या दुकानात नेणार आहे. पाटल्या मोडणे म्हणजे काय, हे तुम्ही कधी जवळून पाहिले आहे का? सोनार आधी त्या कसाला लावतो, मग कापून मुशीत घालतो, टाकणखार टाकतो, आणि थोड्याच वेळात चाळीस वर्षे हातात वाजलेल्या दागिन्याचा एक बिनचेहऱ्याचा गोळा होतो. जुन्या डागातली भेसळ जळून घट येते आणि नव्या बांगड्यांची घडणावळ वेगळी मोजावी लागते. माझ्या आईने वहिनीसाठी स्वतःच्या पाटल्या मोडल्या तेव्हा त्यांच्या आतल्या बाजूला कोरलेले तिचे माहेरचे अक्षरही त्या मुशीत गेले. तिची तक्रार नव्हती, कारण वहिनी खरी होती.

तुम्ही ज्या कादंबऱ्यांचा दाखला देता त्यांत नायकाची आई फक्त पाने वाढण्यापुरती असते, तिला सोनाराकडे जावे लागत नाही. तुमच्या गोष्टीत ती जाणार आहे. अटींच्या यादीत तुम्ही दोघांनी सगळे लिहिले असेल, पण जिने त्या यादीवर सही केली नाही ती एकटीच यात स्वतःच्या अंगावरचे सोने घालत आहे.

तुमच्या आईवडिलांनी फार ताणले, हे मान्य. 19 वेळा पोह्यांची बशी पुढे करणे हा अपमानच आहे, आणि 36 गुणांपैकी किती जुळले यावर स्वतःची किंमत ठरताना पाहणे त्याहून वाईट. परंतु तो अपमान साताऱ्याच्या बाईंनी केलेला नाही. सांगलीला ‘मला एवढ्यात लग्न करायचे नाही’ हे एक वाक्य म्हणायचा धीर झाला नाही, म्हणून तुम्ही त्याचा खर्च दुसऱ्याच घरावर टाकला आहे आणि वर मला विचारता आहात ते प्रेमाबद्दल! तो मुलगा तुमच्या शेजारच्या टेबलावर बसतो. तुम्ही त्याला आवडता की नाही, हे जेवणाच्या सुट्टीतही विचारता येईल. ते थांबू शकते.

पाटल्या थांबू शकत नाहीत. सध्या पितृपक्ष चालू आहे, म्हणून त्या एवढ्यात सोनाराची पायरी चढणार नाहीत, पण घटस्थापना झाली की दसऱ्याला नव्या बांगड्या घरात याव्यात म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच जातील. हा उरलेला पंधरवडा पूर्वजांनीच तुम्हाला दिला आहे असे समजा. येत्या रविवारी स्वारगेटहून सकाळची एसटी पकडून साताऱ्याला जा. त्याला आदल्या रात्री कळवा, परंतु बरोबर नेऊ नका. दोघे गेलात तर एकमेकांकडे पाहून पुन्हा नाटकच सुरू कराल, आणि माप तुम्ही दिले आहे, त्याने नाही. त्याच्याविषयी वाटू लागले आहे ते तिथे काढू नका, कारण ते ऐकून त्या बाई उद्याच पाटल्या घेऊन निघतील. एवढेच सांगा, की हे जमलेले नव्हते, आम्ही खोटे बोललो, तुम्ही पाटल्या मोडू नका.

आणि हे दारातून आत गेल्यागेल्या, बसण्याआधी सांगा. त्या चहा टाकायला उठतील. एकदा कप हातात आला, की तुम्ही पुन्हा विषय बदलाल.