डॉक्टरांना सांगावंच लागेल का?

समलिंगी नात्यातली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा घरच्यांच्या खालोखाल हाच प्रश्न निघतो. म्हणून एका बाईंची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या चाळिशीतल्या, जोडीदार स्त्रीच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करायला एकदा गेल्या होत्या. ‘मिस्टर काय करतात?’ ‘लग्न नाही झालं.’ ‘मग तुम्हाला गरज नाही.’ तशाच परतल्या. (हा गैरसमज डॉक्टरांमध्येही असतो. हा कर्करोग ज्यामुळे होतो, तो एचपीव्ही विषाणू दोन स्त्रियांच्या संबंधांतूनही पसरू शकतो.)

डॉक्टरांना नात्याविषयी सांगायची त्यांची भीती मी खोडून काढली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९९० साली. त्याआधी शिकलेले डॉक्टर अजून प्रॅक्टिस करताहेत. मी एवढंच विचारलं, “सांगितलंत तर वाईटात वाईट काय होईल?”

“डॉक्टर तोंड वाकडं करतील.”

“मग?”

“मग मी पुन्हा जाणार नाही.”

“त्यांच्याकडे, की कुणाकडेच?”

त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि एकदम हसल्या. “म्हणजे तोंड त्यांनी वाकडं करायचं, आणि तपासणी माझी राहायची!”

समोरचा कसा वागेल ते आपल्या हातात नसतं, त्यावर आपण काय करायचं ते असतं, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. त्यांनी ते माझ्याहून नेमकं सांगितलं. डॉक्टरांकडून त्यांना नकळत आपल्या नात्याला पसंती हवी होती. गरज होती तपासणीची.

मग एकच वाक्य ठरवलं: ‘माझी जोडीदार स्त्री आहे, कोणत्या तपासण्या करू?’ आवाज कापायचा थांबेपर्यंत म्हणून घेतलं. नव्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं आणि विचारलं, “बरं. पाळी नियमित?”

सगळेच डॉक्टर असे भेटत नाहीत. आधी फोन करून अंदाज घ्या. उपदेश सुरू झाला तर डॉक्टर बदला, तपासणी सोडू नका. पुरुषांनी तर स्पष्टच बोलावं. घशातला किंवा गुदाशयातला गनोरिया (लैंगिक संबंधांतून होणारा संसर्ग) लघवीच्या तपासणीत सापडत नाही, तिथला नमुना वेगळा घ्यावा लागतो. हिपॅटायटिस ए आणि बीच्या लसींचंही विचारा. आणि दवाखान्याच्या फॉर्मवर ‘तातडीचा संपर्क’ म्हणून जोडीदाराचं नाव घालाच. मात्र तेवढ्यानं उपचारांचे निर्णय घेण्याचा अधिकार मिळतोच असं नाही. त्यासाठी कायद्यात काय सोय आहे ते वकिलाला विचारून, तब्येत धड असतानाच कागद करून ठेवा.