ब्रिटिश संसदेचा आवाज रेडिओवर यायला १९७८ का उजाडावे लागले?

बीबीसी १९२२ पासून असताना ब्रिटिश संसदेचे कामकाज रेडिओवर इतक्या उशिरा का आले आणि त्याने नेमका काय फरक पडला, असे आपण विचारले आहे.

तंत्राची अडचण नव्हतीच. न्यूझीलंडमध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने, वृत्तपत्रे आपल्या विरोधात आहेत हे ओळखून, १९३६ सालीच सभागृहातील चर्चा थेट ऐकवण्यास सुरुवात केली होती आणि ऑस्ट्रेलियाने १९४६ मध्ये कायदा करून ही जबाबदारी आपल्या सार्वजनिक नभोवाणीवरच टाकली होती. अडचण होती ती ब्रिटिश खासदारांच्या मनाची. पंतप्रधान चर्चिल यांचे १८ जून १९४० चे गाजलेले भाषण हाउस ऑफ कॉमन्स या कनिष्ठ सभागृहात झाले खरे, पण जनतेला ऐकवण्यासाठी ते त्यांना त्याच संध्याकाळी बीबीसीवर पुन्हा वाचावे लागले. हा हेलपाटा टाळण्यासाठी जानेवारी १९४२ मध्ये त्यांनी आपले निवेदन सभागृहातच ध्वनिमुद्रित करू देण्याची विनंती केली, पण सदस्यांची नाराजी पाहून ती मागे घेतली. ऐन युद्धात पंतप्रधानांची ही गत, तर इतरांची काय कथा! त्यावर कडी म्हणजे, येत्या चौदा दिवसांत संसदेत चर्चेला येणाऱ्या विषयावर बीबीसीने चर्चा घडवायची नाही, असाही एक नियम होता. तो इजिप्तमधील सुएझ कालव्यावरून झालेल्या संघर्षानंतर, १९५६ च्या अखेरीस स्थगित झाला.

दूरचित्रवाणीच्या प्रयोगाचा प्रस्ताव १९६६ मध्ये १३१ विरुद्ध १३० मतांनी पडल्यावर रेडिओ हाच त्यातल्या त्यात सोसवणारा मार्ग उरला, कारण त्याला प्रखर दिवे लागत नाहीत आणि रिकामी बाकेही त्यात दिसत नाहीत. १९७५ मध्ये चार आठवड्यांचा प्रयोग झाला आणि ३ एप्रिल १९७८ पासून नियमित प्रसारण सुरू झाले. मात्र हे ध्वनिमुद्रण विनोदी किंवा उपहासात्मक कार्यक्रमात वापरायचे नाही, ही अट होतीच.

खासदार आता श्रोत्यांसाठी भाषणे ठोकतील, ही विरोधकांची मुख्य भीती होती. प्रत्यक्षात श्रोत्यांच्या कानी पहिल्यांदा पडला तो गोंगाट. छापील इतिवृत्तात ‘व्यत्यय’ एवढ्या एका शब्दात मिटणारा प्रकार रेडिओवर आरोळ्या, हुर्यो आणि प्राण्यांसारखे आवाज होऊन आला आणि तक्रारींचा पाऊस पडला. आकाशवाणीच्या ‘संसद समीक्षा’तील नेटक्या निवेदनाला सरावलेल्या माझ्यासारख्याला ती ध्वनिमुद्रणे ऐकताना आजही दचकायला होते, तरीही माझ्या मते त्या नेटकेपणापेक्षा हा गोंगाट अधिक प्रामाणिक आहे.

त्यांतले एक ध्वनिमुद्रण आपण जरूर ऐकावे, ते २८ मार्च १९७९ च्या रात्रीचे. पंतप्रधान कॅलहन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारवरील अविश्वास ठरावाचे मतदान संपलेले असते, निकाल जाहीर करणाऱ्या सदस्याचा आवाज येतो, ठरावाच्या बाजूने ३११, विरुद्ध ३१०, आणि पाठोपाठ सभागृहात एकच कल्लोळ उडतो. एका मताने सरकार पडल्याचा हा क्षण फक्त आवाजाच्या रूपात उरला आहे. त्या सभागृहात कॅमेरे सुरू झाले ते थेट २१ नोव्हेंबर १९८९ रोजी, आणि तेही त्या रात्री जिंकलेल्या थॅचर यांच्या विरोधाला न जुमानता.