कलदार, हाली आणि नाण्यावरचा विश्वास

मराठवाड्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे: घरातल्या निजामकाळातल्या खरेदीखतांत आणि कर्जरोख्यांत रकमेपुढे कधी 'सिक्का हाली' तर कधी 'कलदार' असं लिहिलेलं आढळतं. कलदार म्हणजे चांदीचा रुपया आणि हाली म्हणजे हलका, हिणकस रुपया, असं घरातली मोठी माणसं सांगत. हे बरोबर आहे का?

अर्थ म्हणून अर्धं बरोबर, व्युत्पत्ती म्हणून नाही. 'कलदार'मधला 'कल' म्हणजे यंत्र. हिंदीत 'कल-कारखाने' म्हणतात तो हा 'कल', आणि आपण दाबतो ती 'कळ' किंवा कळसूत्री बाहुलीतली कळही हीच. त्याला फारसी 'दार' जोडला. कलदार रुपया म्हणजे यंत्रावर पाडलेला, काठाला सारखे कंगोरे असलेला इंग्रजी रुपया. 'हाली' आला तो अरबी 'हाल'वरून. हाल म्हणजे चालू वेळ, सध्याची स्थिती. आपला 'हल्ली' त्याच घरातला. हाली सिक्का म्हणजे हल्ली चालू असलेलं नाणं. हलकेपणाशी त्याचं नातं फक्त कानाला जाणवतं. रुपये दोन्ही चांदीचेच होते. हालीत चांदी थोडी कमी असे हे खरं, पण नाव त्यावरून पडलेलं नाही.

उत्तर इथे संपलं असतं. पण रुपया यंत्रावर पाडला म्हणून त्याला वेगळं नाव का पडावं, हा प्रश्न मला मूळ प्रश्नाहून मोठा वाटतो. रुपया कोणत्या यंत्रातून निघाला याची आज कुणी विचारपूस करत नाही. तेव्हा ती केली जात होती, आणि तिच्यामागे सत्ता आणि विश्वास यांच्यातली एक मोठी उलथापालथ आहे.

कलदार येण्याआधीचं नाणं हाताने पडत असे. चांदीची किंवा तांब्याची चकती ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. ठसा बहुधा चकतीहून मोठा असे, त्यामुळे एका नाण्यावर मजकुराचा एक तुकडा उमटे, दुसऱ्यावर दुसरा. एकासारखं एक नाणं नसे. टाकसाळीही अनेक. पेशवाईत सरकारी परवाना घेऊन सोनार टाकसाळ चालवत, आणि हिणकस नाणी निघू लागली की त्या बंद करण्याचे हुकूम सुटत. पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडचा चांदवडी, बडोद्याचा बाबाशाही, सुरतेचा सुरती, असे कितीतरी रुपये एकाच बाजारात फिरत. रुपया म्हणजे अमुक एक वस्तू असं नव्हतंच. 'कोणता रुपया?' हा प्रश्न प्रत्येक व्यवहारात आधी यायचा, म्हणूनच जुन्या कागदांत रकमेच्या पुढे नाण्याचं नाव लिहिलेलं असतं.

अशा बाजारात नाण्याची परीक्षा घेणाऱ्याला बाजाराइतकाच मान असणार. आपल्या भाषेत ही परीक्षा अजून जिवंत आहे. नाणं वाजवून घ्यायचं, ते खणखणीत निघायला हवं. बद्द वाजलं तर खोटं. पारखी, सराफ आणि सरकारी खजिन्यात नाणी तपासणारा पोतदार हे या कामातले लोक. आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'बट्टा'. एक नाणं देऊन दुसरं घेताना, किंवा झिजलेलं नाणं स्वीकारताना, जी कसर कापली जाई ती बट्टा. नावाला बट्टा लागतो तो इथूनच. माणसाची अब्रू मोजायला मराठीने नाणेबाजाराचा शब्द घेतला, कारण नाण्यावरचा विश्वास दर खेपेला नव्याने मोजावा लागतो हे प्रत्येकाच्या रोजच्या अनुभवातलं होतं.

बंगालमध्ये तर ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात बट्ट्याचा नेमच होता. नवा रुपया पहिल्या वर्षी 'सिक्का' म्हणून पूर्ण किमतीचा, पुढच्या वर्षी त्यावर बट्टा, नंतर आणखी. चांदी जवळपास तेवढीच, पण नाण्यावरचं वर्ष जुनं झालं म्हणून किंमत उतरायची. यात सराफांचा फायदा आणि सारा भरणाऱ्या रयतेचं नुकसान होतं. शेवटी कंपनीने नाण्यावरचं वर्षच गोठवून टाकलं. पुढे कितीही वर्षं लोटली तरी रुपयावर शाह आलम बादशहाचं एकोणिसावं राज्यवर्षच छापलं जाऊ लागलं. काळ थांबवल्याखेरीज लोकांचा विश्वास टिकत नव्हता!

बादशहाच्या नावाकडे जरा थांबून पाहायला हवं. मुसलमानी राजवटीत सार्वभौमत्वाच्या दोन खुणा मानत: शुक्रवारच्या खुतब्यात नाव आणि नाण्यावर नाव. अरबीत 'सिक्का' म्हणजे नाण्याचा ठसा. त्यातूनच आपला शिक्का आणि शिक्कामोर्तब. म्हणजे नाणं पाडणं ही राजेपणाची घोषणा. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली, देवनागरी अक्षरांत: एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ही घोषणाच होती, आणि ज्यांना ती ऐकायची होती त्या सगळ्या दरबारांना ती ऐकू गेली.

पण त्याच वर्षीचा एक दाखला मला त्याहून मोलाचा वाटतो. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर तहाची कलमं घेऊन आला होता. त्यात एक मागणी अशी की मुंबईचं नाणं महाराजांच्या राज्यात चालावं. त्यावरच्या उत्तराचा आशय असा: ज्यात रयतेचा तोटा होईल असं नाणं घेण्याची सक्ती करणार नाही, तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं चोख असेल तर त्याला मनाईही करणार नाही. हुकूम काढून नाणं चालवता येत नाही, ते घेणाऱ्याला पटावं लागतं, ही समज या उत्तरात आहे.

पुढे मराठ्यांची सत्ता दिल्लीपर्यंत गेली. शाह आलमला महादजी शिंद्यांचा आधार होता. तरीही पेशव्यांच्या आणि सरदारांच्या मुलखात पडणारे रुपये बहुतेक बादशहाच्याच नावाने, फारसी मजकुराने पडत. याला दुबळेपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चांदीच्या रुपयाचा बाजार हिंदुस्थानभर पसरलेला होता आणि त्या बाजाराला बादशहाच्या नावाचा रुपया ओळखीचा होता. नाव बदललं असतं तर प्रत्येक सराफाने बट्टा मागितला असता. कंपनीनेही तेच केलं. १८०३ मध्ये दिल्ली इंग्रजांच्या हातात आली, १८१८ मध्ये पेशवाई संपली, तरी कंपनीच्या रुपयावर १८३५ पर्यंत बादशहाच होता. तलवारीने मिळालेली सत्ता नाण्यावर उतरायला इतका वेळ लागला.

उलट बाजूही पाहा. छत्रपतींचं राज्य इंग्रजांनी गिळलं, पण शिवराई एकोणिसाव्या शतकातही दख्खनच्या आठवडी बाजारात चालत राहिली. तिच्यामागे ना टाकसाळ उरली ना राजा. लोक घेत होते म्हणून ती चालत होती.

१८३५ मध्ये कंपनीने सगळ्या इलाख्यांसाठी एकच रुपया ठरवला. बादशहा गेला आणि इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याचा मुखवटा आला. वजन १८० ग्रेन, बारा भागांत अकरा भाग चांदी. हे वजन म्हणजेच एक तोळा, त्यामुळे रुपया हे वजनही झालं. 'रुपयेभार' हा शब्द आपल्याकडे आहेच, आणि ऐंशी रुपयेभार म्हणजे शेर हा हिशेब आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होता. मुंबईच्या कोटातली वाफेवर चालणारी टाकसाळ त्याआधी काही वर्षं सुरू झाली होती. तिथून पडणारा रुपया दुसऱ्या रुपयासारखा तंतोतंत असे. कंगोऱ्यांमुळे काठ कातरून चांदी चोरली तर लगेच दिसे. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी सराफ लागत होता, वजन आणि कस, त्यांची हमी आता यंत्र देत होतं. नाणं वाजवण्याऐवजी मोजून घेता येऊ लागलं. 'कलदार' या नावात लोकांनी नेमका तोच फरक टिपला. राजाचं नाव, कंपनीचं नाव, धातू, यातलं काहीच न घेता त्यांनी नाव दिलं ते यंत्राचं.

माझ्या मते खरी उलथापालथ इथे आहे. आधी विश्वास धातूवर होता आणि तो तपासणारा बाजारात बसलेला होता. आता विश्वास शिक्क्यावर आला आणि तपासणारा कुणी उरला नाही, किंवा जो उरला तो सरकारच. एकदा लोक नाणं न वाजवता घेऊ लागले की नाणं पाडणाऱ्याच्या हातात एक नवी ताकद येते: आतला धातू आणि वरची किंमत यांची फारकत करण्याची.

ती वेळ १८९३ च्या जूनमध्ये आली. तोवर कुणीही चांदी टाकसाळीत नेऊन थोडा आकार भरून तिचे रुपये पाडून घेऊ शकत होतं. सरकारने ही मुभा बंद केली. चांदीचा भाव जगात कोसळत होता आणि रुपयाचा पौंडाशी दर सावरायचा होता. परिणाम असा की रुपया दिसायला तोच राहिला, पण त्याची किंमत आतल्या चांदीहून जास्त झाली. ज्या घरांत बचत म्हणून चांदीचे वाळे, तोडे होते त्यांच्या चांदीची किंमत उतरली. ज्यांच्याकडे पाडलेले रुपये होते त्यांची टिकली. हातातला कलदार त्या दिवसापासून खऱ्या अर्थाने सरकारच्या शब्दावर उभा होता, आणि खेड्यापाड्यांत बहुतेकांना याची कल्पनाही नव्हती.

या व्यवस्थेची कसून तपासणी केली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२३ मध्ये लंडनमधून प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरच्या त्यांच्या प्रबंधात मुख्य आक्षेप हाच आहे की किती रुपये पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहतं, आणि मर्जीवर सोडलेलं चलन किंमत टिकवू शकत नाही. चलननिर्मितीला पक्की मर्यादा हवी, कारण रुपयाची खरेदीशक्ती घसरली की मार मजुरी करणाऱ्याला बसतो, हा त्यांचा आग्रह. विनिमयाचा दर सांभाळण्यापेक्षा घरातल्या रुपयाची किंमत सांभाळा, हे त्यांनी इतक्या आधी सांगितलं. नाणं आणि सत्ता यांच्यावर मराठी माणसाने केलेला याहून खोल विचार मला माहीत नाही, आणि तो मराठीत अजून पुरेसा वाचला जात नाही याचं मनापासून वाईट वाटतं.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि १९१७ मध्ये एक रुपयाची नोट आली. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. लोकांनी राणीछाप आणि बादशाही रुपये घरात दडवले ते याच काळात. 'बंदा रुपया' हा शब्दही इथे आठवतो. बंदा म्हणजे न मोडलेला, अख्खा. त्याच्या उलट खुर्दा. आज माणसाला बंदा रुपया म्हणतो तेव्हा त्यात खरेपणाची भर पडली आहे.

आता पुन्हा हालीकडे. निजामाच्या राज्यात १८५७ नंतर नाण्यावरून मोगल बादशहाचं नाव गेलं आणि निजामाच्या घराण्याचं, आसफजाही नाव आलं. त्याच धामधुमीनंतर दिल्लीत मिर्झा गालिबवर आरोप झाला होता की त्याने बहादुरशहासाठी नाण्यावरची ओळ रचली, आणि तेवढ्यावरून त्याचं निवृत्तिवेतन अडलं. नाण्यावरच्या एका ओळीला किती वजन होतं ते यातून कळतं. निजामाने आपलं नाणं १९४८ पर्यंत राखलं. सारा हालीत भरायचा, कचेरीचा पगार हालीत, पण सोलापूर-मुंबईशी व्यापार करणाऱ्याला कलदार हवा. एकाच शेतकऱ्याच्या कमरेला दोन सरकारं असायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादची चारमिनार छाप नाणीही यंत्रावरच पडू लागली. म्हणजे शब्दाच्या अर्थाने हालीसुद्धा 'कलदार' झाला. पण मराठवाड्यात कलदार म्हटलं की इंग्रजी रुपयाच. यंत्राची गोष्ट मागे पडली आणि शब्दात उरली ती पत. घरातल्या मोठ्या माणसांनी 'हाली म्हणजे हलका' असं सांगितलं, त्यामागेही व्युत्पत्तीपेक्षा रोजचा अनुभव होता.

सरकारी शिक्क्याने बाजारातला पारखी कायमचा संपवला, असं मात्र समजू नये. काही वर्षांपूर्वी दहा रुपयांचं नाणं घ्यायला महाराष्ट्रात आणि बाहेरही अनेक दुकानदार नकार देत होते. नाण्यावरच्या रेघा किती, रुपयाची खूण आहे की नाही, यावरून खरं-खोटं ठरवलं जात होतं. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की तोवर आलेल्या चौदाही प्रकारची नाणी वैध आहेत. तरी 'हे चालत नाही' हे उत्तर बरेच दिवस ऐकू येत राहिलं. याच्या उलट टोकाला ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र. तेव्हा लोकांचा विश्वास शाबूत होता आणि सरकारच्या एका घोषणेने पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या. मूल्याच्या हिशेबाने ते चलनाचे सुमारे ८६ टक्के होते. एका वेळी हुकूम असून नाणं चाललं नाही, दुसऱ्या वेळी हुकमाने चालती नोट थांबली.

विचारणाऱ्या वाचकासाठी कागद वाचायची रीत सांगून ठेवतो. निजाम राजवटीच्या अखेरच्या काळात आणि १९५० मध्ये भारतीय रुपया तिथे आला तेव्हा सात हाली बरोबर सहा कलदार हे प्रमाण होतं. म्हणजे ३५० हालीचे ३०० कलदार, आणि शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. त्याहून जुन्या, एकोणिसाव्या शतकातल्या कागदांना हे प्रमाण सरसकट लावू नका. तेव्हा दोन्हींचा भाव बाजारात वरखाली होत असे आणि त्या दिवसाचा बट्टा बहुधा त्याच कागदात, रकमेच्या खालच्या ओळीत लिहिलेला सापडतो.